तात्यांचे हिरे आणि अक्काचा आरसा

आमच्या विहिरीत हिरे निघाले होते, असं आमच्या भावकीतले काही लोक आजही सांगतात. सांगणाऱ्यांत एक इंजिनिअर आहे, एक मोटारींच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि एक तर चक्क माझा विद्यार्थी होता. तिघंही मूर्ख आहेत. शिक्षणानं मूर्खपणा जातो असं मी जन्मभर शाळेत शिकवताना समजत होते. निवृत्त झाल्यावर कळलं की शिक्षणानं तो फक्त इस्त्रीचे कपडे घालायला लागतो. म्हणून हे एकदाचं लिहून ठेवते. विहीर आमची होती, दगड मी हातात घेतले होते, आणि त्या दगडांपायी घरात जे झालं ते मी याच डोळ्यांनी पाहिलं.

आमचं घर चाकणच्या अलीकडं, माळाला लागून. आता तिथं कारखान्याचं कुंपण आहे आणि आमच्या विहिरीवर म्हणे ट्रक उभे राहतात. तेव्हा पहाटे आधी आईच्या जात्याची घरघर ऐकू यायची, मग मोटेच्या चाकाची कुरकुर, आणि त्या दोन्हींच्या वर तात्यांचं खाकरणं. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं, काकू लवकर गेल्या होत्या, आणि काम नावाची गोष्ट त्यांनी आयुष्यात केली नव्हती. सकाळी पितळी तांब्यानं तोंड धुवायचं, बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा नाही म्हणून आईवर गुरगुरायचं, आणि मग ओट्यावर बसून जगाचा न्याय करायचा. आळंदीला कुणा खडेविक्याच्या दुकानात ते तरुणपणी काही महिने बसले होते. तेवढ्या भांडवलावर ते स्वतःला रत्नपारखी म्हणवत. कुणाच्या बोटातली अंगठी दिसली की ती उन्हात धरून डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "पुष्कराज हाय, पर कच्चा." अंगठी काचेची असली तरी पुष्कराजच, आणि कच्चाच.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा दिवसभर रानात राबायचे आणि तात्यांसमोर आले की त्यांची मान आपोआप खाली जायची. "तात्या म्हणतोय तर आसंल," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आजही ते आठवलं तरी माझं डोकं तापतं. वाईट माणसाचा राग येतो आणि जातो. भल्या माणसाच्या दुबळेपणाची चीड मात्र जात नाही, हे मी वयाच्या या टप्प्यावर कुणालाही लिहून द्यायला तयार आहे.

पण त्या वर्षी एक गोष्ट दादांनी स्वतःच्या बुद्धीनं केली होती. माझ्या अक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न ठरवलं होतं. मुलगा सदाशिव, चिंचवडचा, पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघाला होता तिथं फिटर म्हणून नुकताच लागलेला. अंगात निळी पँट आणि बोटांच्या पेरांत न जाणारं तेल. अक्कानं त्याला एकदाच पाहिलं होतं, चहाचा पेला देताना, आणि त्या रात्री पिठलं ढवळताना ती उगाच हसत होती. दादांनी शब्द दिला, सुपारी फुटली, साखरपुडा झाला. मुलाकडून एक हिरवं लुगडं आलं, चोळीचा खण आला, फणी-करंड्याची पेटी आली आणि हातभर उंचीचा, लाकडी चौकटीचा एक आरसा आला. आमच्या घरात त्याआधी आरसा नव्हता. आई पाण्याच्या घागरीत बघून कुंकू लावायची. अक्कानं तो आरसा चुलीच्या धुरापासून लांब, धान्याच्या कणगीमागं खुंटीला टांगला, आणि रोज पदरानं पुसायला लागली.

लग्न उन्हाळ्याच्या शेवटी करायचं ठरलं. त्याआधी विहीर खोल करायला काढली, कारण शिमगा उलटला की आमच्या विहिरीत पाण्याऐवजी गाळ यायचा आणि लग्नाला पाणी तर हवंच. वडार आले. दिवसभर पहारीचा ठणठणाट, आणि दुपारी सुरुंग उडायचा तेव्हा गोठ्यातली जनावरं दावी ताणायची. काळा फत्तर फुटत होता, तळाला ओल दिसू लागली होती, आणि मुकादम म्हणत होता की आणखी थोडं खाली गेलं की झरा लागणार. अशात एका दुपारी सुरुंगानं कपारीला भगदाड पडलं आणि आत एक पोकळी उघडी झाली. घागर मावेल एवढी पोकळी, आणि आतून सगळीकडून लखलखणारी. वडारांनी टोपली भरून वर पाठवली. त्यांना त्यात नवल नव्हतं. असल्या पोकळ्या त्यांनी दर दुसऱ्या विहिरीत पाहिल्या होत्या. नवल वाटलं ते तात्यांना.

टोपलीत काय होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मी चाकणच्या शाळेतून नुकतीच सातवीची परीक्षा देऊन आले होते. आमच्या मास्तरांना दगडांचं वेड होतं. त्यांच्याकडे एक लाकडी खोका होता, त्यात आमच्याच माळावरचे दगड कापसात ठेवलेले. ते सांगायचे, हा सगळा मुलूख म्हणजे कधीकाळी वाहून आलेला वितळलेल्या दगडाचा रस. तो थिजताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या उरल्या. मग खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्यानं जे जे विरघळवून आणलं ते त्या पोकळ्यांत सावकाश साचत गेलं, आणि ज्याचा जसा स्वभाव तसे त्याचे पैलू पडले. गारगोटी म्हणजे वाळूचंच द्रव्य, सहा बाजूंची, वर टोक असलेली. कॅल्साइट हा पानाला लावतात त्या चुन्याच्या घरातला. तो फोडला की प्रत्येक तुकड्याला कललेल्या खोक्याचा आकार येतो, आणि स्वच्छ तुकडा अक्षरांवर ठेवला तर एका ओळीच्या दोन दिसतात. तिसरी जात झिओलाइट आणि त्यांच्या भावंडांची. ते कधी पेंढीसारखे बांधलेले, कधी काचेच्या चौकोनासारखे आणि वरच्या तोंडावर मोत्याची झाक असलेले; त्यांना आम्ही काचेचा चौकोनच म्हणायचो. आणि त्यांच्या आत, दगडाच्या घडणीतच, पाणी कोंडलेलं असतं. मास्तर म्हणायचे, "दगडाचं रूप बघून नाव ठेवू नका. कोण कुणाला ओरखडतो ते बघा." नख, तांब्याचा पैसा, चाकू, काच, या क्रमानं आम्ही एकेक दगड घासून बघायचो. कॅल्साइटवर पैशाचा ओरखडा उठतो, काचेच्या चौकोनावर चाकूचा उठतो, गारगोटीवर चाकूचं काही चालत नाही; उलट तीच काचेवर ओरखडा काढते.

या शेवटच्या वाक्यानं आमच्या घराचा घात केला, कारण तात्यांना जगातली एकच परीक्षा ठाऊक होती. हिरा काच कापतो. ते टोपलीपाशी बसले, हाताला येईल तो खडा उचलला, आणि काच शोधत घरभर फिरले. घरात काच एकच होती. कणगीमागून त्यांनी अक्काचा आरसा काढला, मांडीवर घेतला, आणि खड्याचं टोक दाबून वरून खालपर्यंत ओढलं. मला तो आवाज आजही दातांत जाणवतो. आरशावर शुभ्र रेघ उमटली. हातात आलेली गारगोटी होती, दुसरं काही नाही. पण तात्यांचे डोळे पाण्यानं भरले. "हिरा," ते म्हणाले. "वाडवडलांची पुण्याई." त्या क्षणापासून टोपलीतला प्रत्येक चकचकीत खडा हिरा झाला. परीक्षा एकानं दिली आणि पास सगळे झाले.

मी स्वयंपाकघरातून विळीजवळचा चाकू आणला आणि टोपलीतल्या सगळ्यात मोठ्या खड्यावर, त्या मोत्याच्या झाकेच्या चौकोनावर, ओढून दाखवला. लख्ख ओरखडा उठला.

"तात्या, ह्याला चाकू लागतोय. हिऱ्याला लागंल का?"

तात्यांनी माझ्या हातातून चाकू हिसकला. "हिऱ्याला चाकू लावती? लक्षुमीच्या तोंडावर चाकू? दोन बुकं वाचली तर लई शानी झाली व्हय ही?" मग दादांकडे वळून, "हिची शाळा बंद कर पयली."

मी दादांकडे पाहिलं. दादा दगडाकडे पाहत होते. ओरखडा त्यांना दिसत होता, हे मला शपथेवर सांगता येईल. ते म्हणाले, "तात्या म्हणतोय तर आसंल."

त्यानंतरचा उन्हाळा मी विसरायचं ठरवलं तरी विसरू शकणार नाही. तात्यांनी वडारांना हाकलून दिलं, कारण खाली आणखी हिरे असणार आणि वडार चोरणार. झरा हातभरावर असताना विहीर बंद पडली. मुकादम जाताना आईला म्हणाला, "माय, पानी आलंच व्हतं." तात्या विहिरीच्या काठावर घोंगडी टाकून पहारा देत बसले, आणि आई न् अक्का उन्हातान्हात ओढ्याच्या झऱ्यावरून डोक्यावर पाणी वाहू लागल्या. जेवणात कोरडी भाकरी आणि खर्डा, कारण भाजी शिजवायला पाणी पुरत नव्हतं. हिऱ्यांच्या मालकांच्या घरी एका तांब्यात सगळ्यांचं तोंड धुणं होत होतं.

आणि मग तात्यांनी सोयरीक मोडली. त्यांचं म्हणणं असं, की आता आपण हिरेवाले, आपली पोर तेलकट फिटरला द्यायची का? खेड गावाकडचे मोठे बागाईतदार आहेत, त्यांच्याकडे बोलणं लावतो. आई पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. "शब्द दिलाय आपुन. सुपारी फुटलीया." तात्या म्हणाले, "मोठ्या घरात शब्दाला येवढं धरून बसत न्हाईत." दादा उठून बैलांना वैरण घालायला गेले. बैलांना वैरण आधीच घातलेली होती.

आमच्याकडे सोयरीक मोडायची तर साखरपुड्यात आलेलं सगळं परत करायचं असतं. त्यातली टाचणीसुद्धा ठेवायची नाही. ठेवली तर बोलणं शिल्लक आहे असा अर्थ होतो. लुगडं, खण, फणी-करंडा गाठोड्यात बांधून गड्याबरोबर चिंचवडला पाठवलं. आरसा तेवढा राहिला. चरा पडलेला आरसा परत पाठवणं तात्यांना बरं दिसेना, नवा घ्यायची दानत नव्हती, म्हणून ते म्हणाले, "आरशाचं कोन इचारतंय!" आणि विषय मिटवला. अक्कानं आरसा कणगीमागं पुन्हा टांगला.

इथं एक आजची गोष्ट सांगते. निगडीला माझ्या शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी परवा उशाशी ठेवायला एक चकाकणारा खडा विकत आणला. त्यातून म्हणे लहरी निघतात आणि मन शांत होतं. मी हातात घेऊन पाहिला. तोच, काचेचा चौकोन, वर मोत्याची झाक. मी त्यांना सांगितलं, बाई, हा आमच्या विहिरीत निघायचा, आणि याच्यामुळं आमच्या घरात कुणालाच शांतता मिळाली नव्हती. त्यांना राग आला. सत्तर वर्षांत तात्या मेले, पण त्यांची दुकानं वाढली.

तर, बागाईतदार येणार ठरलं. अक्का झऱ्यावरून घागर घेऊन आली की पायरीवर बसून नुसती समोर बघत राहायची. एका दुपारी मी तिला चुलीपाशी ओढत नेलं आणि टोपलीतून चोरून आणलेले तुकडे दाखवले. कॅल्साइटचा चुरा करून त्यावर लिंबू पिळलं. तो फसफसला. अक्का म्हणाली, "सोड्यावानी करतंय." मग काचेच्या चौकोनाचा तुकडा मी रसरशीत निखाऱ्यावर ठेवला. आधी तो पांढरा झाला, मग तडतडला, मग त्याचे पापुद्रे सुटत गेले आणि तो फुगून लाहीसारखा झाला. आत कोंडलेलं पाणी वाफ होऊन निघून गेलं होतं. पाण्यासाठी विहीर खणणाऱ्यांनी पाणी सोडून हाच दगड उराशी धरला होता. अक्कानं तो गार झाल्यावर बोटांत चुरडला. पिठासारखं पांढरं बोटांना लागलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मोठा खडाबी असाच हुईल?"

"त्योबी ह्याच जातीचा. असाच हुईल."

पाहुणे आले. मुलाचा बाप आणि चुलता, दोघांच्याही डोक्याला जरीचे फेटे. मुलीकडे त्यांनी ओझरतं पाहिलं. त्यांची नजर तात्यांनी रेशमी फडक्यावर मांडलेल्या खड्यांवर होती. तात्या प्रत्येकाची जात सांगत होते, कुठला राजाच्या मुकुटात शोभेल, कुठला देवाच्या. चुलत्यानं चिलीम काढली आणि विस्तव मागितला. अक्का शेगडी घेऊन बाहेर आली, त्यांच्यापुढं ठेवली, आणि पदर सावरत अगदी भोळेपणानं म्हणाली, "तात्या, हिरा इस्तवात जळतो का वो?"

पाहुण्यांसमोर पोरीनं तोंड उघडलं म्हणून तात्या चिडायला हवे होते. पण पारख दाखवायची संधी त्यांनी कधी सोडली होती? ते हसले. "येडी! हिऱ्याला आग काय करती? टाक की. पाव्हन्यास्नीबी बघू द्या." खरा हिरा भरपूर तापवला तर जळतो, पण हे तात्यांना माहीत असायला ते रत्नपारखी असायला हवे होते. अक्कानं सगळ्यात मोठा खडा उचलला आणि निखाऱ्यांच्या मधोमध ठेवला. मग फुंकणी घेऊन सावकाश फुंकायला लागली.

खडा पांढरा झाला. तात्या म्हणाले, "त्येज येतंय." खडा तडकला आणि त्याचा एक पापुद्रा उडून मुलाच्या बापाच्या धोतरावर पडला. मग तो फुगायला लागला, पापुद्र्यामागून पापुद्रा, आणि राजाच्या मुकुटात शोभणारा हिरा सगळ्यांच्या देखत जळक्या चुन्याचं ढेकूळ होऊन बसला. चुलत्यानं चिमट्यानं त्यातलाच निखारा उचलून चिलमीवर ठेवला, दोन झुरके मारले आणि भावाला म्हणाला, "चला. ऊन व्हायच्या आत पोचू." फेटेवाले चहा न घेता गेले.

आता तरी तात्या लाजले असतील, असं वाचणाऱ्याला वाटेल. छे! लाज वाटायला थोडी अक्कल लागते. ते उभे राहिले, अक्काकडे बोट केलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, "अवदसा! हिच्या हाताचा गुन! हिऱ्याचा चुना केला हिनं!" आणि गावानं ते खरं मानलं. दगड चुना झाला यावर विश्वास बसण्यापेक्षा, पोरीच्या हातानं हिऱ्याचा चुना झाला यावर विश्वास बसणं लोकांना सोपं गेलं. बायका अक्काच्या हातचं पाणी घेईनात. भावकीतले ते तीन शहाणे आज सांगतात ती गोष्ट हीच. अक्का मात्र त्या दिवशी रडली नाही. तिनं शेगडी उचलली, राख ओतली आणि भाकरी करायला बसली.

पुढच्या आठवड्याच्या बाजाराला ही गोष्ट चिंचवडपर्यंत पोचली असणार. कारण लगेचच्या सुट्टीच्या दिवशी सदाशिव सायकल मारत आला. एकटाच, त्या निळ्या पँटीत, घामाघूम. ओट्यावर तात्या बसले होते, खाली दादा दोर वळत होते. त्यानं दादांना नमस्कार केला, तात्यांना केला नाही.

"मामा, गाठोडं मिळालं," तो म्हणाला. "लुगडं आलं, खण आला, पेटी आली. आरसा न्हाई आला."

तात्या खेकसले, "फुटला आरसा!"

"मग तुकडे द्या. समदं माघारी आल्याबगर सोयरीक मोडली असं आमच्यात धरत न्हाईत. तुमच्यातबी न्हाईत." मग दादांकडे बघून, "आरसा तरी द्या मामा, न्हाईतर पोरगी द्या."

दादांच्या हातातला दोर थांबला. इतकं सोपं होतं. एक शब्द बोलायचा होता, तोही नवा नव्हे, आधी दिलेलाच. आणि माझ्या वडिलांनी मान वर करून तात्यांकडे पाहिलं. मी दारात उभी होते. त्या क्षणी त्यांच्याबद्दल मला जे वाटलं ते मुलीनं बापाबद्दल लिहू नये असं म्हणतात. मी लिहिते: मला त्यांची किळस आली.

तेवढ्यात माझ्या मागून अक्का बाहेर आली. आरसा तिनं छातीशी धरला होता, काच बाहेरच्या बाजूला. तात्या, दादा, ओटा, सगळं त्यात दिसत होतं आणि सगळ्यावरून ती पांढरी रेघ गेलेली होती. ती सदाशिवला म्हणाली, "आरसा हाय. चरा पडलाय. पर एकला आरसा मिळायचा न्हाई."

सदाशिवनं रेघेवरून अंगठा फिरवला, कारखान्यात कामाचा तुकडा बघावा तसा. "गारगोटीनं वढलाय," तो म्हणाला. आईनं मागून येऊन अक्काच्या कपाळाला कुंकू लावलं. आई आधी रडत होती, मग हसायला लागली. तात्या उठून विहिरीवर पहारा द्यायला गेले.

लग्न चिंचवडला झालं, कारण आमच्याकडे वऱ्हाडाचे पाय धुवायला पाणी नव्हतं. दादा आले होते. मांडवात एका कडेला बसले, कुणी वाढेल ते जेवले. अक्का त्यांच्या पाया पडली, सगळी रीत तिनं नीट केली. त्यानंतर ती माहेरी आली ती सणावारी, परक्यासारखी, आणि उन्हं कलायच्या आत परत जायची.

तो आरसा तिच्या घरात शेवटपर्यंत भिंतीवर होता. पुढे तिची मुलं मोठी झाली, घर पक्कं झालं, कपाटाला पुरुषभर उंचीचे आरसे आले, तरी ती कुंकू लावायची त्याच रेघेच्या आरशात. एकदा मी म्हटलं, "अक्का, चौकट चांगली हाय. काच तरी बदलून घे."

तिनं कुंकवाचं बोट पुसलं.

"नगं," ती म्हणाली. "दादांचा शब्द कशानं वरखडला, ते रोज डोळ्यांफुडं आसू दे. हिऱ्यानं आसता तर म्या कवाच माफ केलं आसतं."